सपाट माथ्याची लाट

९ मार्च

उडालं. रॉकेट अगदी नीट उडालं, आणि तरी मी जागी आहे.

संध्याकाळी वारा पडला, ढग सरकले, प्रमुखांनी मान डोलावली. नियंत्रण कक्षात आमच्या तीन टोळ्या तीन टेबलांवर — तोफवाले, लाटवाले, कणवाले. ही नावं कॅन्टीनवाल्याने पाडलेली, आता आम्हीही तीच वापरतो. तोफ फुग्याची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची. गोळे नाही, इलेक्ट्रॉनचा झोत सोडते ती. वरच्या विरळ, विद्युतभारित हवेत झोत घुसला की लाटा उठतात. त्या टिपणारा रिसीव्हर माझा. झोतातल्या कणांचं पुढे काय होतं ते मोजायचं काम कणवाल्या बाईंचं.

वर पोचल्यावर रॉकेटचे दोन भाग झाले. एकात तोफ. दुसऱ्यात माझं आणि बाईंचं यंत्र, हळूहळू दूर सरकत. झोत सुटायच्या आधी फुगा माझ्याकडे वळला. "ताई, आता ऐक हं."

झोत सुटला. माझ्या पडद्यावरची रेघ ताडकन वर गेली, छताला टेकली आणि तिथेच आडवी झाली. झोत बंद — रेघ खाली. झोत सुरू — पुन्हा छताला. शेवटपर्यंत तेच. लाटेला टोक नाही, उतार नाही. कुणी वरून सुरी फिरवावी तसा सपाट माथा.

मला त्याच क्षणी कळलं. माझ्या रिसीव्हरची कुवत संपली होती. लाट त्याहून मोठी होती. केवढी मोठी — दुप्पट, दसपट, शंभरपट — ते सांगता येणार नाही, कारण मोजपट्टीच संपली.

प्रमुख मागे येऊन उभे राहिले. "हे काय? तोफेच्या विजेचा गोंगाट शिरला की काय आत?"

मी म्हणाले, "बघावं लागेल."

बघायचं काय होतं त्यात? कप्पाळ!

१० मार्च

सकाळी चहाच्या वेळी फुगा म्हणाला, "तोफ तर मस्त चालली ना, ताई?" मी कपात बघत हो म्हटलं.

१२ मार्च

घरी आलो. फुगा गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहतो, पण संध्याकाळचं जेवण आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे आईकडे आणि माझ्याकडे. आज जेवताना आईने विचारलं, "तुम्ही दोघं तिथे नक्की करता तरी काय?" हे ती अधूनमधून विचारतेच. मी नेहमीसारखी टाळणार होते. फुग्याने ताट बाजूला सारलं.

"बंद पडलेली गाडी ढकलताना बघितलीयस ना, आई? गाडीपेक्षा जोरात धावणारे तिला ढकलतात. ते दमतात, गाडीला वेग येतो. जे मागे पडतात ते नुसते गाडीला धरून असतात, त्यांना उलट गाडीच ओढते. ढकलणारे जास्त झाले की गाडी सुटते बघ एकदम. आमची लाट म्हणजे ती गाडी. मी जोरात धावणारी माणसं सोडतो."

"आणि ताई? ढकलणाऱ्यांत की धरून चालणाऱ्यांत?"

"ताई गाडी किती पळाली ते मोजते."

"मग, मोजलंस का गं?"

फुगाच म्हणाला, "मोजतेय ती."

मी पाणी आणायला उठले. तांब्या भरलेला होता.

१३ मार्च

झोप नाही. निदान इथे तरी लिहून टाकते.

आराखडा पक्का करायच्या बैठकीत फुग्याने सांगितलं होतं — लाटा फार मोठ्या येऊ शकतात, रिसीव्हरला एक पायरी बसवा. सिग्नल हाताबाहेर गेला की आपोआप उतरवून घेणारी पायरी. काडेपेटीएवढी वस्तू. मी नको म्हटलं. कारणही दिलं: पायरी बसवली की यंत्राची स्वतःची खरखर वाढते, आणि लाटा बारीक आल्या तर त्या खरखरीत हरवतात. माझ्या अंदाजाने त्या बारीकच येणार होत्या. कारण खोटं नव्हतं. तेवढ्यावर थांबले असते तर आज एवढी लाज वाटली नसती.

पण फुगा हट्टाला पेटला. पुन्हा पुन्हा आकडे मांडायला लागला. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या घरी याला फुगा म्हणतात. लहानपणी एक साप दिसला की हा चार सांगायचा."

टेबल हसलं. प्रमुखही हसले. फुगासुद्धा हसला, कान लाल झाले होते त्याचे. विषय तिथेच संपला.

घरातलं नाव मी ऑफिसात नेलं. आता स्टोअरमधला माणूसही पाठीमागे त्याला फुगाच म्हणतो.

आणि तेव्हा मी स्वतःची समजूत काय घातली होती — भाऊ आहे म्हणून झुकतं माप द्यायचं नाही! कठोर, न्यायी वगैरे. दुसऱ्या कुणी मागितली असती तर ती पायरी मी बसवली असती. हे आज उमगलं असंही नाही. तेव्हाही माहीत होतं.

१६ मार्च

बैठक.

पूर्वी एकदा तोफ निर्वात टाकीत चालवताना तिच्या वीजपुरवठ्याचा गोंगाट सगळ्यांच्या यंत्रांत शिरला होता. फुग्याने तो नंतर काढला. आज प्रमुखांनी तेच उकरून काढलं.

"तोच परत आला असणार."

"सर, तो मी पूर्ण काढला होता," फुगा म्हणाला. "टाकीत दाखवलाही होता."

"टाकी म्हणजे आकाश नव्हे." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुमचं काय मत?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी म्हणाले, "ती शक्यता नाकारता येत नाही."

किती सभ्य वाक्य. दिवसभर ते तोंडात घोळतंय आणि तोंड कडू झालंय.

गोंगाट असता तर दोन भाग दूर जाता जाता रेघ खाली यायला हवी होती. ती आली नाही. हे मी त्याच आठवड्यात तपासलंय. बाकी कुणी तपासलेलं नाही, कारण माझ्या यंत्राचे आकडे आधी मी बघते आणि मी सांगेन ते लोक धरून चालतात. इतकी वर्षं मी तसं वागत आले म्हणून. त्या विश्वासाआड लपले मी आज.

१९ मार्च

दुपारी फुगा माझ्या खोलीत आला. हातात चहाचे दोन कप, एक माझ्यासाठी. पायाने दार लोटलं.

"ताई, कुठून शिरला असेल गं? मला काही म्हणजे काही सापडत नाहीये. तुझं डोकं चालव ना जरा."

दार बंद होतं. आम्ही दोघंच होतो. एवढंच म्हणायचं होतं, की तुझं काही चुकलेलं नाही, माझं माप तोकडं पडलं. जिभेवर आलं होतं. शपथ, आलं होतं.

मी म्हणाले, "केबलवरच्या जाळीचे सांधे उघडून बघ. अर्थिंग बघ."

"हं. तिथे नाही बघितलं अजून." त्याने हातावरच लिहून घेतलं, लहानपणी लिहायचा तसं. "थँक्यू, ताई."

थँक्यू म्हणाला मला.

२० मार्च

आज काही लिहायचं नाही.

२४ मार्च

दोन्ही रॉकेटं सारखीच बांधलेली आहेत. दुसरं ऑक्टोबरात उडायचं आहे. त्याची तोफ फुग्याने पार सुटी करून टाकीच्या खोलीत टेबलभर पसरलीय. मी गेले तेव्हा तो टेबलाखाली पालथा, तोंडात टॉर्च. पंपाच्या तापल्या तेलाचा वास. टॉर्च काढून म्हणाला, "निम्मे सांधे झाले. अजून काही नाही."

सदरा कोपरावर उसवलाय. दाढी वाढलीय. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मग म्हणाले, "जेवायला लवकर ये."

हे सांगायला गेले होते का मी?

संध्याकाळी आई म्हणाली, "पोरगा पार वाळलाय. तू मोठी आहेस ना, बघ की जरा त्याचं काय अडलंय ते." मी कणीक मळावी तसा जोर लावून ओटा पुसत राहिले. ओटा स्वच्छ होता.

२८ मार्च

आज कणवाल्या बाई आल्या. बाई कधी कुणाच्या खोलीत जात नाहीत; तीनदा पडताळल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. आल्या, बसल्या, चष्मा पुसला आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला.

"तोफेतून निघतात तेव्हा सगळे कण एका वेगाचे असतात. अगदी एका रांगेत. आणि माझ्याकडे पोचतात ते हे असे, पांगलेले. थोडे तर निघाले त्याहून जोरात आलेत. पण बहुतेक दमलेले."

"दमलेत खरे," मी म्हणाले.

"साधेसुधे नाही दमलेले. एवढी शक्ती गेली कुठे? कशाला तरी ढकललंय त्यांनी, आणि दांडगं ढकललंय. माझ्याकडून जे गेलं ते तुझ्याकडे आलेलं असणार. किती आलं ते सांग, म्हणजे जोडी जुळेल."

"बघते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुझी रेघ छताला लागलीय ना, ती गोंगाटाने की लाटेने? एवढं तरी सांग."

"बघते म्हटलं ना!"

माझा आवाज चढला. बाईंवर! ज्यांच्याकडून मी काम शिकले त्यांच्यावर. त्यांनी कागद उचलला, घडी घातली. "पुढच्या गुरुवारी मी हे बैठकीत मांडणार आहे. तोवर बघ."

दार त्यांनी अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

३० मार्च

प्रमुखांनी ठरवलं: ऑक्टोबरात तोफ पाव जोरानेच चालवायची, म्हणजे गोंगाट होणार नाही. फुग्याने मान्य केलं. न मानून करतो काय?

पाव जोरात काही होणार नाही. ढकलणारे पुरेसे नसले की गाडी हलतच नाही. म्हणजे दुसरं रॉकेटही फुकट. इतक्या लोकांची इतकी वर्षं, आणि सगळं मी तोंड उघडत नाही म्हणून.

सोमवारी त्याला सांगायचं. आधी त्याला. मग बाईंना, मग प्रमुखांना. ठरलं.

१ एप्रिल

सोमवार. टाकीच्या खोलीच्या दारात पोचले तोच त्याने हाक मारली, "ताई, सापडलं!"

किती दिवसांनी हसताना बघितला. जाळीचा एक सांधा त्याने नखाने हलवून दाखवला. "हा बघ, सैल. तू म्हणाली होतीस अगदी तिथेच. पहिल्यातलाही असाच असणार, टाकीत धरला असेल आणि उडताना हादऱ्याने सुटला असेल."

तो सांधा या आठवड्यात त्याने स्वतःच्या हाताने किती वेळा उघडला आणि लावला असेल. सैल होणारच. पण सापडायलाच हवं अशा ओढीने माणूस शोधत असला की सापडतंच काहीतरी.

"अरे, ऐक —"

"सकाळीच सरांना लिहून दिलं. माझ्याकडून राहून गेलं म्हणून, सरळ. जूनमध्ये माझ्या नोकरीची मुदत संपतेय, आता काही वाढवायचे नाहीत बहुतेक. पण जाऊ दे. डोक्यावरचं ओझं उतरलं." मग माझा चेहरा बघून, "तू काही बोलू नकोस हं, ताई. मला बरं वाटावं म्हणून काहीबाही बोलू नकोस."

मी तशीच परत फिरले.

जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. खालून कुणी वर येत होतं, म्हणून मग चालायला लागले.

२ एप्रिल

फुग्याने जेवताना आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "चुकलं तर चुकलं. कबूल केलंस ना? मग मान खाली घालायचं कारण नाही." आणि माझ्याकडे वळून, "हो ना गं?"

मी हो म्हटलं.

याहून खाली माणूस जाऊ शकत असेल तर मला ठाऊक नाही.

४ एप्रिल

सांगितलं.

बाईंनी त्यांचा आलेख मांडला. प्रमुख म्हणाले, "पण लाटच मोजली गेलेली नाही, तर ही शक्ती लाटेत गेली असं म्हणायचं कशाच्या जोरावर?" बाईंनी आलेख टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मी उभी राहिले. टेबलाची कड धरली.

"लाट आली होती. ती रेघ गोंगाटाची नाही. रिसीव्हर कमी पडला. पायरी बसवायला सांगितलं होतं, मीच नको म्हटलं. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"पहिल्या दिवसापासून?" प्रमुखांनी विचारलं.

"हो."

मग टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "मग फुग्याला सापडलेली चूक कुठली?"

आणि हसले. फार नाही, दोघंतिघं. पण हसले. फुगा समोरच्या कागदाकडे बघत होता. कान लाल.

मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की हलकं होईल.

५ एप्रिल

फुगा जेवायला आला नाही. आईला मी सगळं सांगितलं, काही न गाळता. तिने त्याच्यासाठी मांडलेलं ताट उचललं, मोरीत नेलं आणि घासलं. कोरं ताट.

७ एप्रिल

जिन्यात गाठ पडली. मी भाजी घेऊन येत होते, तो खाली उतरत होता. आईला भेटून निघाला असणार, मी घरी नसतानाची वेळ साधून. बाजूने जाईल असं वाटलं. थांबला.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते. टाकीच्या खोलीत."

"आलीस आणि परत गेलीस."

"हो."

"मी नसलेल्या चुकीची कबुली लिहून दिली होती, ताई. तू मला घरी सांगितलं असतंस तर मी सकाळी जाऊन तो कागद मागे घेतला असता. माझ्या तोंडाने. तू तेही सगळ्यांसमोर केलंस."

"मला वाटलं, सगळ्यांसमोर सांगितलं तरच —"

"तरच तुला बरं वाटेल." आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मी काही उत्तर तरी दिलं असतं. "मला फुगा म्हणालीस तेही तिथेच. हेही तिथेच. मधे कधी तुला माझ्याशी नुसतं बोलायला जमलं नाही का?"

माझ्या हातातली पिशवी त्याने घेतली, वर दारापर्यंत नेऊन ठेवली आणि गेला. एवढं सगळं झाल्यावरही पिशवी उचलली.

खरं बोलला. एकट्याला सांगायचं म्हणजे त्याच्या डोळ्याला डोळा देऊन सांगायचं होतं. ते झेपत नव्हतं. भरल्या टेबलासमोर सांगताना मी कुणाकडेच बघत नव्हते. धीट दिसण्याची सोय होती ती.

१८ एप्रिल

प्रमुखांनी बोलावलं. मला वाटलं काढून टाकतील, निदान कामावरून बाजूला तरी करतील. कसलं काय! "असं होतं, मॅडम. आराखड्यावर सही माझीही होती. तुम्ही मोकळेपणाने कबूल केलंत, हे फार कमी लोक करतात." वर कॅन्टीनमध्ये दोघीजणी येऊन सांगून गेल्या, केवढं धाडस तुमचं.

शिक्षा हवी होती, कौतुक मिळालं. ते घेऊन कुठे तोंड लपवू?

फुग्याची मुदत वाढवली. तोफ पूर्ण जोरात चालणार. रिसीव्हरला पायरी बसणार. मार्चमधली लाट खूप मोठी होती एवढं बाईंच्या कणांवरून नक्की झालंय. पण केवढी, आणि कोणत्या जातीची, ते त्यांवरून निघत नाही. प्रमुख म्हणाले, "लाट कुठे पळून जात नाही. ऑक्टोबरात मोजू."

३ जून

पायरी बसवली. तपासायला फुगा आला, कारण तोफ आणि रिसीव्हर जोडीने तपासावे लागतात. सबंध दिवस एका टेबलावर. "मॅडम, इथली कळ दाबता का." "मॅडम, पुन्हा एकदा." ऑफिसात तो मला नेहमीच ताई म्हणायचा, मीच पूर्वी कितीदा टोकलं होतं, इथे नको म्हणून. आता ऐकतोय.

संध्याकाळी निघताना मी म्हणाले, "चुकलं माझं. सगळंच." खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याच्याकडे बघून म्हणाले.

"हं," म्हणाला. वायर गुंडाळत राहिला. वेटोळं कपाटात ठेवता ठेवता, "पायरी चांगली बसलीय."

११ ऑगस्ट

आईने बोलावलं म्हणून जेवायला आला. ताटाकडे बघून जेवत होता. पण मधेच, "ताई, मीठ दे."

दिलं. त्याच्या लक्षातही आलं नसेल.

२६ सप्टेंबर

पुन्हा उड्डाणाच्या तळावर. बाई मला म्हणाल्या, "यंदा तरी जोडी जुळू दे गं." मी सगळ्या तपासण्या फुग्याला विचारून करतेय. त्याने सांगितलेला प्रत्येक आकडा, आहे तसा. कुणी त्याला मागून फुगा म्हणालं की मी थांबते आणि त्याचं खरं नाव सांगते. उशीर झालाय, पण सांगते. रात्री पडल्या पडल्या ती न दिसलेली टोकं डोळ्यांपुढे येतात — वरच्या अंगाला केवढी उंच गेली असतील. अजून थोडेच दिवस.

१७ ऑक्टोबर

दुसरं उडालं. तोफ पूर्ण जोरात, काही बिघडलं नाही. लाट आली. टोक, उतार, सगळं स्वच्छ. आणि बारीक! माझ्या अंदाजाएवढीच. पायरी एकदाही लागली नाही. बाई म्हणाल्या, कण या खेपेला फारसे दमलेच नाहीत. वरची हवा दर वेळी तीच असत नाही. तिसरं रॉकेट नाही, म्हणजे मार्चची लाट आता कधीच मोजली जाणार नाही. प्रमुख हसून म्हणाले, "बघा मॅडम, शेवटी तुमचंच बरोबर निघालं."

फुगा पलीकडच्या टेबलावरून माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. कुणी गेलं की जसे घरचे एकमेकांकडे बघतात, तसं.

आजची लाट माझ्या जुन्या यंत्रातही मावली असती.